पुराचे पाणी आणि आपले घर

महोत्सवी स्मरणिकेच्या पानांवर देणगीदारांची नावे, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीस वाळूच्या गोण्या, गटाराचे चेंबर आणि गॅरेजचे शटर आणून बसविणे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या घरांतून ट्रस्टला वर्गणी येते, ती घरे मंडळींनी मागावर रात्रपाळ्या करून, रिक्षा चालवून, चक्की चालवून उभी केलेली आहेत. पंचवीस वर्षांची ही कमाई पाणी एका रात्रीत भिजवून जाते. म्हणून या आनंदाच्या प्रसंगीही चार व्यावहारिक गोष्टी सांगण्याची परवानगी आम्ही वाचकांकडे मागतो.

तापी ही आपल्याला परकी नदी नव्हे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ती ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेपुढे समुद्राला मिळते. वाटेत भुसावळ, सारंगखेडे, प्रकाशे ही आपल्यापैकी कित्येकांची माहेरची आणि आजोळची गावे लागतात. उधन्याहून जळगावकडे जाणारी रेल्वेही बरीचशी याच खोऱ्यातून जाते. तेव्हा हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याचे गावाकडून कोणी फोनवर सांगितले, तर ती केवळ गावची बातमी समजू नये. तेच पाणी पुढे उकाईत येते, आणि उकाईतून सुटलेले पाणी सुरतेत.

दोन प्रकारचे पूर

नवागाम, डिंडोली, लिंबायत आणि उधना या भागांत राहणाऱ्या मंडळींनी पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही की, आपल्याकडे पूर दोन प्रकारचे असतात आणि दोहोंची तऱ्हा निराळी असते.

पहिला नदीचा. १९६८ च्या ऑगस्टमध्ये, उकाई धरण पुरे होण्यापूर्वी, तापीला सुमारे १५ लाख क्युसेकचा पूर आला होता. धरण १९७२ साली पूर्ण झाले आणि आता भय सरले असे पुष्कळांस वाटू लागले. २००६ च्या ऑगस्टमध्ये हा भ्रम दूर झाला. जलाशय भरत आला असता वरून पाण्याचा लोंढा आला, आणि धरणातून सोडलेले पाणी सुमारे ९ लाख क्युसेकवर गेले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. या हिशेबाने सेकंदाला अडीच कोटी लिटर पाणी सुरतेकडे निघाले होते. त्यातच ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती, म्हणजे समुद्राला मोठी भरती. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला आणि काही वस्त्यांत ते कित्येक दिवस राहिले. या पुराची भीषणता खरी, पण त्याचा एक गुणही आहे. धरणातून पाणी सोडल्याची सूचना आधी मिळते, आणि हाताशी काही तास असतात.

दुसरा पूर खाडीचा. सुरतेत खाडी म्हणतात ती समुद्राची नव्हे. पावसाचे पाणी वाहून नेणारे हे ओढे होत, आणि शहराच्या दक्षिणेकडील खाड्या पुढे मिंढोळा नदीकडे जातात. वरच्या तालुक्यांत मुसळधार पाऊस झाला आणि खाली भरतीने वाट अडविली की खाडी मागे फुगते. जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये सुरतेच्या अनेक वस्त्यांत असेच पाणी शिरले. हा पूर उंचीने कमी असतो, पण तो अवचित येतो आणि गटाराची घाण बरोबर घेऊन येतो. नदीच्या पुरासाठी वेळेवर निघण्याची तयारी हवी, खाडीच्या पुरासाठी घराची बारमाही तयारी हवी.

किती पाणी अडवावे

आता मुख्य मुद्दा. पाणी दिसले की ते अडवावे ही माणसाची स्वाभाविक बुद्धी असते. पण अडविलेले पाणी भिंतीला ढकलत असते, आणि त्याचा हिशेब आपण सहसा करीत नाही. दहा फूट लांबीच्या भिंतीबाहेर तीन फूट पाणी उभे राहिले आणि आत कोरडे असले, तर त्या भिंतीवर सुमारे साडेबारा क्विंटलांचा रेटा येतो. पाणी सहा फूट झाले तर रेटा दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे पन्नास क्विंटल! आपल्याकडील साडेचार इंची विटेची भिंत हा भार पेलण्यासाठी बांधलेलीच नसते. अशी भिंत हळूहळू खचत नाही, एकदम आत पडते. पाणी आत आले तर घर भिजते. भिंत आत आली तर माणूस जातो.

यावरून एक साधा नियम निघतो: गुडघ्यापर्यंतचे पाणी अडवावे, त्यावरचे आत येऊ द्यावे, आणि ते येण्यापूर्वी माणसे वर न्यावीत. आतबाहेर पाणी सारखे झाले की भिंतीवरचा रेटा उरत नाही.

घरासाठी काय करावे

दाराच्या दोन्ही चौकटींस लोखंडी चॅनल कायमचे बसवून घ्यावेत आणि त्यांत सरकविता येतील अशा दोन फूट उंचीच्या जाड फळ्या, खालच्या कडेला रबराची पट्टी लावून, तयार ठेवाव्यात. फळी दोन फुटांहून उंच करू नये. कारण वर सांगितलेच आहे.

गोण्या भरावयाच्या तर दोन तृतीयांशच भराव्यात, तोंड दुमडून खाली घालावे, आणि वीटकाम करतो तशा सांधे चुकवून रचाव्यात. तुडुंब भरलेली गोणी दगडासारखी ताठ राहते आणि फटींतून पाणी येते. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून तो पाण्याच्या बाजूने वर घेतला तर निम्मे काम होते.

दार बंद केले तरी पाणी मोरीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर येते, हा खाडीकाठच्या घरांचा नेहमीचा अनुभव. बाहेरच्या चेंबरमध्ये पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, म्हणजे नॉन-रिटर्न, व्हॉल्व्ह प्लंबरकडून बसवून घ्यावा. तोवर निदान प्लॅस्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा घट्ट बांधून भोकावर दाबावा आणि वर वाळूची गोणी ठेवावी.

जमिनीखालील पाण्याच्या टाकीचे झाकण जमिनीलगत नसावे. त्याला फूटभर कठडा करून झाकण घट्ट बसवावे. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी. प्लॅस्टिकची रिकामी टाकी भोवतालच्या पाण्याने वर उचलली जाते.

विजेचा मुख्य बोर्ड बहुधा जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या जागी असतो. तळमजल्याची बटणे आणि प्लगच्या जागा चार-पाच फुटांवर घ्याव्यात, आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. मीटर वर घेणे हे वीज कंपनीकडे अर्ज करूनच करावे. पाणी उंबऱ्याशी येताच, हात-पाय कोरडे असतानाच, मुख्य स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहून त्या बोर्डाला हात लावू नये.

गॅसचे सिलिंडर भरलेले असले तरी तरंगते, कारण त्याच्या आकाराच्या मानाने त्याचे वजन कमी असते. नळी सोडवून, झडप बंद करून, टोपी लावून ते उभेच साखळीने बांधावे.

रेशनकार्ड, आधार, घराचा दस्तऐवज, मुलांच्या गुणपत्रिका, विम्याचे कागद आणि गावच्या शेताचा सातबारा एकाच जाड पिशवीत माळ्यावर असावा. त्यांची छायाचित्रे गावाकडील एखाद्या भरवशाच्या नातलगाकडे पाठवून ठेवावीत.

गॅरेजची गोष्ट निराळी

गॅरेज हे घराचे सर्वांत खालचे अंग. त्याचे शटर कितीही मजबूत असले तरी पाणी त्याच्या खालून येणारच. म्हणून आमचे मत असे की, गॅरेज भिजू द्यावे आणि घर कोरडे राखावे. अमेरिकेत पूरप्रवण भागांतील घरांच्या गॅरेजला खालच्या बाजूस जाळीची भोके ठेवण्याचा दंडक आहे. दर चौरस फूट जागेमागे एक चौरस इंच, अशी निदान दोन भोके, जमिनीपासून एक फुटाच्या आत. दोनशे चौरस फुटांच्या गॅरेजला दहा इंच लांब-रुंद अशा दोन जाळ्या पुरतात. पाणी त्यांतून शांतपणे आत येते आणि जाताना बाहेर पडते, भिंत मात्र शाबूत राहते. गॅरेजमधून घरात दार असेल तर चॅनल आणि फळी त्या दाराला लावावी.

गॅरेज भिजणार हे एकदा धरून चालले की पुढील व्यवस्था आपोआप सुचते. तेलाचे डबे, पेट्रोल, रंग, बॅटरीचे तेजाब हे घट्ट बुचासह छातीच्या वरच्या फळीवर ठेवावे, कारण डबाभर तेल सांडले तर ते साऱ्या घराच्या भिंतींवर चढते. चक्कीची, भरतकामाच्या यंत्राची किंवा कॉम्प्रेसरची मोटर दहा मिनिटांत सोडविता येईल अशी बसवावी आणि तिचा पाना तिथेच दोरीने बांधून ठेवावा. मोटर वर गेली तर राहिलेले लोखंड धुऊन पुसून पुन्हा उभे करता येते.

रिक्षा, स्कूटर आणि मोटर नदीच्या पुराची सूचना मिळताच उंच जागी नेऊन ठेवाव्यात. लहान मोटर सव्वा ते दीड फूट पाण्यातच तरंगू लागते आणि शटरवर जाऊन आदळते. ती हलविणे शक्य नसेल तर बॅटरीची तार सोडावी आणि गाडी खांबाला सैल दोराने बांधावी. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: पाणी शिरू लागल्यावर तळघरातील गाडी काढण्यासाठी कोणीही खाली उतरू नये. उताराने येणारे पाणी वर चढू देत नाही, आणि पाण्याच्या रेट्याने दार उघडत नाही. गाडी पुन्हा घेता येते.

पाणी ओसरल्यावर

भिजलेली गाडी सुरू होते का हे पाहण्याचा मोह आवरावा. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरविली तर ते कायमचे मोडते, आणि असे नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. केवळ तृतीय पक्षाच्या विम्यात तर पुराची भरपाईच नसते. घरासाठी २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हा सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे एकसारख्या स्वरूपाचा विमा मिळतो आणि त्यात पूर अंतर्भूत आहे. दावा करावयाचा असेल तर काहीही हलविण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याच्या रेषेसह छायाचित्रे घ्यावीत.

गाळ ओला असतानाच पाण्याबरोबर लोटून द्यावा. वाळला की तो खरवडावा लागतो. भिजलेली मोटर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुरती वाळवून, वायरमनने तपासल्यावाचून चालू करू नये. गाळात उतरताना पायांत गमबूट असावेत. उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, कातडीवरील लहानशा जखमेवाटे, लेप्टोचा ताप जडतो आणि दक्षिण गुजरातेत तो नवा नाही. पुरानंतर ताप, अंगदुखी किंवा डोळ्यांत लाली दिसली तर घरगुती काढ्यावर न थांबता डॉक्टरांस गाठावे.

शेजारधर्म

येथवर सांगितले ते ज्याचे त्याने करण्याचे. शेवटची गोष्ट मात्र एकट्याने होणारी नाही. आपल्या गल्ल्यांतून खालच्या खोल्यांत भाड्याने राहणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांना माळा नाही आणि वरचा मजलाही नाही. त्यांच्याकडील आजी रात्री दोन वाजता जिना कसा चढणार, हे पाणी येण्याआधी ठरलेले असावे. दर पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गल्लीने एक कागद करावा: कोणाकडे वरचा मजला आहे, तिथे कोणती कुटुंबे जातील, आणि कोणत्या वृद्धाला, आजाऱ्याला वा बाळंतिणीला कोणते दोघे तरुण उचलून नेतील. आपल्या ट्रस्टच्या सभासदांना हे काम कठीण नाही. वर्गणी गोळा करताना आपण याच घरांच्या पायऱ्या चढतो.

तसेच आपले जोते उंच करताना किंवा कुंपण घालताना शेजाऱ्याच्या पाण्याची वाट बुजवू नये, आणि घराचा राडारोडा खाडीत टाकू नये. आपण टाकलेली एक पाटी एकटी काही करीत नाही, पण साऱ्या वस्तीच्या पाट्या मिळून खाडीला बांध घालतात.

तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपले वडील सांगत आले. पुराच्या बाबतीत तर खणायला वेळही मिळत नाही. येत्या ज्येष्ठापूर्वी प्रत्येक घरी चॅनल, फळी, पाना आणि तो गल्लीचा कागद तयार असला, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. तापीमाई सर्वांस सुखरूप ठेवो.