दहा प्लॉटांची सरासरी : वाशीमच्या पीक कापणीचा मागोवा

मोजक्या निरीक्षणांवरून सरासरीबद्दलचे गृहीतक तपासण्याची रीत धान्याच्या व्यवहारातूनच पुढे आली. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तिचा पाया घातला. रोथॅमस्टेड या इंग्लंडमधील शेती संशोधन केंद्राच्या रोनाल्ड फिशर यांनी 1925च्या ग्रंथातून ती शेती संशोधकांपर्यंत पोहोचवली. नमुना लहान असला की सरासरीबरोबर तिची प्रमाण त्रुटीही अंदाजानेच काढावी लागते. म्हणून पुरावा जास्त भक्कम लागतो.

वाशीम ज्यात येते त्या वऱ्हाडात पिकाचा अंदाज ठरे तो आणेवारीने. भरघोस पीक सोळा आणे धरायचे आणि उभे शेत पाहून आणे सांगायचे. जुना वाशीम जिल्हा 1905 मध्ये मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला होता. त्या अकोला जिल्ह्यात 1940च्या दशकात व्ही. जी. पानसे आणि रोथॅमस्टेडला काम केलेले आर. जे. कळमकर यांनी कपाशीची नमुना पाहणी केली. गाव, शेत आणि शेतातला प्लॉट चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, पीक काढायचे, वजन करायचे. नजरेच्या जागी तराजू आला, हा मोठाच बदल होता. त्याच काळात पां. वा. सुखात्मे यांनी दाखवले, की प्लॉट फार लहान घेतला तर कडेची झाडे आत धरली जातात आणि सरासरी फुगते. असा दोष कोणतीही चाचणी पकडत नाही. तो शेतातच टाळावा लागतो.

1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. आता खरिपात सोयाबीन मुख्य आहे आणि 2016च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत कापणी पैशाशी जोडलेली आहे. महसूल मंडळात एका पिकाचे किमान दहा कापणी प्रयोग होतात आणि त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे ज्याखाली भरपाई लागू होते त्या पातळीशी, ताडली जाते.

समजा, उंबरठा हेक्टरी 12 क्विंटल, दहा प्लॉटांची सरासरी 10.5 आणि प्रमाण विचलन 2.7 आहे. प्रमाण त्रुटी 2.7 भागिले दहाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे 0.85. घट 1.5 क्विंटलची, म्हणून गुणोत्तर 1.76. मोठ्या नमुन्याच्या कोष्टकात पाच टक्के पातळीला 1.645 पुरेसे असते आणि घट सिद्ध ठरते. स्टुडंटच्या कोष्टकात नऊ स्वातंत्र्यांशांना 1.833 लागते, त्यामुळे उत्पन्न खरोखर उंबरठ्याखाली गेले असे या दहा प्लॉटांवरून ठामपणे म्हणता येत नाही. घट झालीच नाही, असाही त्याचा अर्थ नाही.

विमा मात्र अशी चाचणी घेत नाही. 1.5 भागिले 12, म्हणजे विमा रकमेच्या 12.5 टक्के भरपाई थेट ठरते. शेतकऱ्याला सिद्धतेची वाट पाहायला लावणे अन्यायाचे झाले असते, म्हणून हा नियम योग्यच आहे. पण सरासरीशेजारी प्रमाण त्रुटी छापली, तर कोणत्या मंडळात प्लॉट वाढवायला हवेत ते कळेल.  दहाऐवजी चाळीस प्लॉट घेतले, तर तेवढ्याच विचलनाला त्रुटी निम्मी, 0.43 होते.