संतोष शिकावा लागतो

पैसा हेच सर्व पापांचे मूळ आहे, अशी बायबलची शिकवण असल्याचे अनेकदा सांगितले जाते. परंतु तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोष दिला आहे तो द्रव्याला नव्हे, तर द्रव्याच्या लोभाला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात धनासाठी ‘मामोन’ हा अरामी शब्द येतो आणि तेथे धन हे देवाच्या बरोबरीने माणसाची चाकरी मागणाऱ्या धन्याच्या रूपात उभे केलेले आहे. म्हणून ख्रिस्ती विचारात प्रश्न संपत्ती किती आहे हा नसून माणूस कोणाच्या आधारावर जगतो हा आहे.

या विचाराचे सर्वांत स्पष्ट विवेचन पौलाने तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सापडते. संतुष्ट माणसासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द स्तोइक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा होता. ज्याला बाहेरच्या कशाचीही गरज उरलेली नाही असा स्वयंपूर्ण पुरुष, असा अर्थ ते त्यातून घेत. पौलाने शब्द तोच ठेवला, पण आपले बळ स्वतःचे नसून ख्रिस्ताचे आहे असे सांगून त्याचा आशय पालटला. विपुलता आणि टंचाई या दोन्ही अवस्थांत समाधानी राहणे आपण शिकलो, असे तो लिहितो. म्हणजे संतोष हा जन्मजात स्वभाव नसून अभ्यासाने अंगी येणारा गुण आहे, आणि त्याची कसोटी उणिवेइतकीच भरभराटीतही लागते. शिवाय हे पत्र मंडळीने पाठवलेल्या मदतीची पोच देणारे आहे आणि ते लिहिणारा राहुट्या तयार करण्याच्या धंद्यावर पोट भरत आलेला होता. त्यामुळे या संतोषात कष्टांना फाटा नाही आणि दुसऱ्याची मदत घेण्याचा संकोचही नाही.

देवावरील भरवसा व्यवहारात कसा दिसतो, याचे एक उदाहरण म्हणजे १८३६ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथगृह सुरू करणारे जॉर्ज म्यूलर. कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही आणि गरज प्रार्थनेत देवापुढे मांडायची, असा त्यांचा नेम होता. मात्र आलेल्या देणग्यांचा तपशीलवार हिशेब ते नियमाने छापून प्रसिद्ध करीत, आणि त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुलांचा सांभाळ तेथे झाला. म्यूलर यांच्या चरित्रकथेचा आपल्यावर परिणाम झाल्याचे पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षांसाठी कबूल केलेल्या मदतीची मुदत १८९८ मध्ये संपत आली असताना, १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली व स्त्रियांना रमाबाईंनी आसरा दिला, आणि पुण्याजवळच्या केडगाव येथील मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकवून त्यांना स्वतःच्या पायांवर उभे केले. हिशेबाची वही आणि प्रार्थना यांत विरोध नाही, हे या दोन्ही संस्थांनी दाखवून दिले.

या शिकवणीचा विपर्यास दोन प्रकारे होतो. श्रद्धा ठेवली की देव श्रीमंत करतोच, असे सांगणारा समृद्धीचा उपदेश तुरुंगातल्या पौलाच्या अनुभवाशी जुळत नाही. दुसरीकडे, उपाशी माणसाला संतोषाचा उपदेश करून स्वतः मोकळे होणे हेही बायबलला मान्य नाही. शेतात राबलेल्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरीच धनिकांविरुद्ध ओरडत आहे, असा कठोर इशारा याकोबाचे पत्र देते, तर तीमथ्याला लिहिलेले पत्र श्रीमंतांना उदार होण्याची आज्ञा करते.

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली जाते ती आजच्या दिवसापुरती, आणि ती ‘मला’ नव्हे तर ‘आम्हाला’ अशी मागितली जाते. म्हणून शेजाऱ्याचे ताट रिकामे असताना लाभलेल्या समाधानाला ख्रिस्ती संतोष म्हणता येत नाही.