नावात उरलेली नीळ

बारावीच्या रसायनशास्त्रात 'ॲनिलीन' भेटतं. 'अनिल' म्हणजे वारा, पण त्याचा इथे संबंध नाही. या नावाचं मूळ निळीच्या झुडपात आहे.

संस्कृतात या झुडपाला 'नीली' म्हणतात. रंगाच्या वड्या पश्चिमेकडे गेल्या, त्यांच्यासोबत शब्दही गेला. फारसीत तो 'नील' झाला. अरबांनी त्याला आपलं 'अल्' जोडलं. पण अरबीत 'न'च्या आधी आलेला हा 'ल्' स्वतःच 'न्' होतो, म्हणून 'अन्-नील'. पोर्तुगीजांनी त्याचं 'अनिल' केलं.

1826 साली ओटो उन्फेरडॉर्बेन या जर्मन रसायनज्ञानं निळीचं ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव मिळवला. 1834 मध्ये रुंगे या दुसऱ्या रसायनज्ञाला तोच द्रव दगडी कोळशाच्या डांबरात सापडला. 1840 मध्ये फ्रित्शेनं नीळ कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवली आणि निघालेल्या द्रवाला झुडपावरून 'ॲनिलीन' म्हटलं. प्रत्येकानं नाव वेगळं दिलं होतं. पदार्थ एकच आहे, हे हॉफमननं 1843 मध्ये दाखवलं. निळीच्या रेणूत बेंझिनची दोन कडी असतात आणि प्रत्येक कड्याला नायट्रोजन जोडलेला असतो. रेणू फुटला की हाच जोड ॲनिलीनच्या रूपात सुटतो. ताज्या, शुद्ध ॲनिलीनला मात्र निळीचा रंग नसतो. ते पाण्यासारखं नितळ दिसतं.

1856 मध्ये 18 वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला गेला आणि अशुद्ध ॲनिलीनमधून त्याला जांभळा रंग मिळाला. कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले. 1865 साली स्थापन झालेल्या बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या नावातला 'ए' ॲनिलीनचाच. याच कंपनीनं 1897 मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली.

त्याची झळ बिहारमधल्या चंपारणला लागली. तिथे 'तीनकठिया' पद्धतीनं शेतकऱ्याला 20 कठ्ठे जमिनीतले 3 कठ्ठे निळीसाठी द्यावे लागत. नीळ परवडेना, तेव्हा निलहे साहेबांनी, म्हणजे निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांनी, या सक्तीतून सोडवण्याच्या बदल्यात खंड वाढवला. कारखान्याशी हरलेल्या धंद्याचा तोटा रयतेच्या माथी आला. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले, ते याच गाऱ्हाण्यांसाठी.

जीन्सला लागणारी बहुतेक नीळ आज ॲनिलीनपासूनच बनते. जो द्रव निळीतून निघाला, तोच आता निळीला जन्म देतो. झुडूप शेतातून गेलं, तरी त्याचं नाव त्या द्रवाच्या प्रत्येक बाटलीवर आहे. बारावीच्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिताना त्याच्या मागचं शेत आणि ते कसणारे हातही मुलांना सांगायला हवेत.