चारही बाजूंनी 'थांबा' : वस्तीतील चौकांचा विचार

नागझिऱ्याला गेलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट अनुभवलेली असते. साकोलीकडून येणारा पिटेझरीच्या, तर तिरोड्याकडून येणारा चोरखमाऱ्याच्या प्रवेशद्वारापाशी थांबतो. गाडी साहेबांची असो वा भाड्याची जीप असो, आडवा दांडा वर होईपर्यंत कुणीही पुढे जात नाही. जंगलातील प्राण्यांसाठी आपण ही शिस्त निमूटपणे पाळतो. परंतु त्याच जंगलाबाहेर, वस्तीतील दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथे शाळेत जाणारी मुले, म्हातारी माणसे आणि गुरे यांच्यासाठी कुणी क्षणभरही थांबत नाही. ही खेदाची बाब होय.

पूर्वी मातीचा रस्ताच वेगाला आवर घालीत असे. आता गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले, घरोघरी मोटारसायकल आली. सोय झाली, पण चौकातील कोपरे तसेच राहिले. कुठे कुंपणाची भिंत, कुठे तणसाचा ढीग. आडव्या रस्त्याने कोण येत आहे हे दिसतच नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते, ६० च्या वेगाने जाणारी सुमारे १७ मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच हे अंतर संपलेले असते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. आंधळ्या कोपऱ्यावर हे गणित जिवावर बेतते.

यावर अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका या देशांत एक साधा उपाय वापरतात. चौकाच्या चारही बाजूंना 'थांबा' अशी पाटी असते. प्रत्येक वाहनाने पूर्ण थांबायचे आणि जो आधी आला त्याने आधी जायचे. तेथे ना सिग्नल लागतो, ना पोलीस. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९१५ साली 'थांबा'ची पहिली पाटी लागली असे मानले जाते. पुढे तिला अष्टकोनी आकार मिळाला, तो अशासाठी की पाटी मागून पाहिली किंवा अक्षरे दिसली नाहीत तरी आकारावरून ती ओळखू यावी. आपल्याकडेही 'थांबा'ची अधिकृत पाटी लाल व अष्टकोनीच आहे. मात्र खेड्यापाड्यांत 'थांबा' म्हटले की आपल्याला एस.टी.चा विनंती थांबाच आठवतो!

हा उपाय सर्वत्र लागू पडत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. दोन्ही रस्त्यांवरील रहदारी साधारण सारखी असेल आणि कोपऱ्यावरून पलीकडचे दिसत नसेल, तेथे तो उपयोगी ठरतो. कोहमारा येथे गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३ ला भेटतो. अशा ठिकाणी महामार्गावरील अवजड वाहतूक पाटीने थांबवू म्हणणे व्यर्थ आहे. दुसरे असे की, ही पाटी वेग कमी करण्यासाठी लावू नये, असे खुद्द अमेरिकेची शासकीय नियमावली सांगते. कारण चौक ओलांडताच चालक पुन्हा वेग घेतो. आणि विनाकारण लावलेली पाटी लोक हळूहळू जुमानेनासे होतात.

वेगाचा प्रश्न वेगळा आहे आणि आपल्या भागाला तो परिचित आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात एक तरुण वाघ मोटारीच्या धडकेने मरण पावला. तेथे चौकच नव्हता. रस्ता ओलांडणारा जीव आणि भरधाव गाडी एवढेच होते. अशा ठिकाणी वेगमर्यादा पाळणे हाच उपाय.

आपला कायदा काय म्हणतो? सिग्नल वा पोलीस नसलेल्या चौकात वेग कमी करावा, मुख्य रस्त्यावरील वाहनास आधी जाऊ द्यावे, अन्यथा उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार 'थांबा'ची पाटी न जुमानणे हे धोकादायक वाहनचालनात मोडते. म्हणजे नियम आहे. तो ठाऊक असणारे थोडे आहेत.

मग आपण काय करावे? प्रथम कोपरे मोकळे करावेत. त्यास पैसा लागत नाही. नंतर ग्रामसभेत ठराव घेऊन, रस्ता ज्यांच्या ताब्यात असेल त्या ग्रामपंचायत, जिल्हा परिषद वा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे पाटी व पांढऱ्या थांबरेषेची मागणी करावी. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीकडेही नेता येते. गतिरोधक हवा असल्यास तो प्रमाणानुसार, म्हणजे ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. रातोरात मुरूम-सिमेंटचा उंचवटा टाकू नये. अंधारात सायकलस्वार त्यावरच आपटतो आणि बाळंतिणीची गाडीही त्यावरूनच जाते.

'चारही बाजूंनी थांबा' यातील खरी गोष्ट पाटी नव्हे, तर समानता होय. तेथे ट्रक मोठा नसतो आणि सायकल लहान नसते. जो आधी आला त्याचा मान आधी. पाटी लागेल तेव्हा लागो, आपल्या वस्तीतील चौकात उद्या सकाळपासून आपण स्वतः थांबू शकतो. जंगलाच्या दारावर जमते, ते आपल्या दारापुढे का जमू नये?