एकाने बोलावे, एकाने ऐकावे

मराठीच्या अध्यापकाने संगणकाविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मोठमोठ्या बँकांचे व्यवहार सांभाळणाऱ्या मेनफ्रेम संगणकांची परिभाषा वाचू लागलो, तेव्हा मला दिसले की ती बरीचशी आमच्याच प्रांतातली आहे. दोन प्रोग्रॅममधील देवघेवीला आयबीएमच्या तंत्रज्ञांनी नाव दिले ‘संभाषण’, आणि पलीकडच्या प्रोग्रॅमला ‘जोडीदार’. आता संभाषण म्हटले की पहिला प्रश्न उभा राहतो, तो बोलण्याची पाळी कुणाची हा!

त्याची उत्तरे दोन: हाफ डुप्लेक्स आणि फुल डुप्लेक्स. डुप्लेक्स म्हणजे दुहेरी. मग अर्धे दुहेरी म्हणजे एकेरीच की, असे कोणी म्हणेल. पण एकेरीत उलट बोलण्याची सोयच नसते. येथे ती असते, मात्र पाळीपाळीने. पोलिसांच्या वायरलेसवर ‘ओव्हर’ ऐकल्यावरच दुसरा बोलतो, तो हा प्रकार. टेलिफोनवर दोघांना एकदम बोलता येते (आणि पुष्कळदा ते बोलतातच), तो दुसरा.

वायरलेसवर यंत्रच तशी सक्ती करते. मेनफ्रेमची गोष्ट निराळी. आयबीएमने १९७४ साली आपल्या संगणकांच्या जाळ्याची ‘एस.एन.ए.’ ही रचना जाहीर केली आणि १९८० नंतर लवकरच तीत प्रोग्रॅमांच्या संभाषणाचे नियम आणले. त्यांचे नाव ‘एल.यू. ६.२’. तार दोन्ही दिशांनी एकदम संदेश वाहू शकत असली, तरी संभाषण चालायचे ते पाळीनेच. ज्याने सुरुवात केली तो प्रथम बोलणार. बोलून झाले की हक्क सोपवणार. हक्क न सोपवताच तो ऐकायला बसला, तर पाळी आपोआप पलीकडे जाते. त्यामुळे दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, असे होत नाही. ऐकणाऱ्याला घाई असेल तर तो हात वर करू शकतो, पण बोलणाऱ्याने काणाडोळा केला तरी चालते. आमच्या सभा याहून फारशा वेगळ्या नसतात! मात्र आलेल्या मजकुरात चूक आढळली, तर ऐकणारा तसे कळवून पाळी स्वतःकडे ओढून घेतो, आणि समोरच्याचे वाटेत असलेले बोलणे टाकून दिले जाते.

एवढी शिस्त कशासाठी? समजा, तुमचे पाच हजार रुपये एका संगणकातील खात्यातून वजा होऊन दुसऱ्या संगणकातील खात्यात जमा व्हायचे आहेत. वजा झाले आणि जमा झालेच नाहीत, तर? म्हणून बोलणारा आपला मजकूर सांगून ‘पटले ना?’ असे विचारतो आणि उत्तर येईपर्यंत पुढे सरकत नाही. कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हा घोळ पाळीमुळे उरत नाही. त्याहून कडक करारही आहे: दोन्हीकडच्या नोंदी एकदम पक्क्या व्हाव्यात, नाहीतर दोन्ही रद्द व्हाव्यात.

पण प्रत्येक पाळीबरोबर वाट पाहणे आले, आणि अंतर लांबले की तेही लांबते. मग प्रोग्रॅम लिहिणारे एकाच जोडीदाराशी दोन संभाषणे उघडत, एक बोलायला, एक ऐकायला! अखेर १९९० च्या दशकात एल.यू. ६.२ मध्येही फुल डुप्लेक्स आले. इंटरनेटच्या टीसीपी नियमांत, जे १९८१ साली प्रसिद्ध झाले, दुहेरी बोलणे आधीपासूनच होते. आज मेनफ्रेमवरही टीसीपी चालते.

या मोकळेपणाची किंमत मात्र आहे. दोघेही बोलतच राहिले आणि ऐकेना कोणीच, तर आलेला मजकूर ठेवण्याची जागा दोन्हीकडे भरते, दोघांचेही पाठवणे अडते, आणि काम ठप्प होते. पाळीचा पहारा गेला, तेव्हा हे सांभाळणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या गळ्यात आले. मला स्वतःला पैशांच्या व्यवहारात जुनी पद्धतच भरवशाची वाटते. पण निरोपाच्या बाबतीत नवीच अधिक सुसंस्कृत म्हणावी लागेल. पाळीच्या संभाषणात रीतसर निरोप घेण्याचा अधिकार बोलणाऱ्याचाच, आणि त्याने तो घेतला की बैठक दोघांचीही संपली. टीसीपीत ‘माझे बोलणे झाले’ असे कळवणाराही दुसऱ्याचे संपेपर्यंत ऐकत बसू शकतो.