दुधाचे दात पडणारच, मग जपायचे कशासाठी?

दुधाचे दात आज ना उद्या पडणारच, ते किडले तर बिघडले काय, ही समजूत आपल्या घरांत अजून टिकून आहे. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे सात-आठ वर्षांचे दुखणे. ती अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा अडते.

दात किडण्यास कारणीभूत होणारा प्रमुख जंतू 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स'. १९२४ साली क्लार्क या संशोधकाने त्याचे वर्णन केले. तो बाळाच्या तोंडात बहुधा आईच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या लाळेतून येतो. आपण चाखलेला चमचा बाळाला दिला की त्याचा मार्ग सोपा होतो. म्हणून आईने स्वतःचे किडलेले दात वेळीच बरे करून घेणे, हा बाळाच्या दातांचाही उपचारच होय.

साखर मिळताच हे जंतू आम्ल तयार करतात व त्याने दाताचे कठीण आवरण झिजू लागते. लाळ हे आम्ल निवळवते, पण त्यास अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तेव्हा गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे महत्त्वाचे. स्वीडनमधील व्हिपेहोम येथे १९४५ नंतर मनोरुग्णालयातील रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफ्या देऊन हे पाहिले गेले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. मधल्या वेळी टॉफी खाणाऱ्यांचे झपाट्याने किडले. असहाय माणसांवर केलेला हा प्रयोग निंद्यच, परंतु त्यातून कळलेली गोष्ट विसरण्याजोगी नाही. दुकानात आजोबांजवळ बसलेल्या नातवाच्या हाती येणारा-जाणारा एकेक गोळी ठेवतो, तेव्हा लाळेला उसंतच मिळत नाही. त्यापेक्षा जेवणासोबत एक पेढा बरा.

सर्वांत घातक सवय मात्र दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची. झोपेत लाळ कमी सुटते आणि गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. खालच्या दातांना जिभेचे संरक्षण मिळते, म्हणून कीड आधी वर दिसते. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा उमटला, तर ती कीडीची पहिली खूण समजावी. या टप्प्यावर ती थांबवता येते. तपकिरी खड्डा पडल्यावर नाही.

पहिला दात दिसताच ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या भागांत काही विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक असते. तेथे दंतवैद्यांना विचारून घ्यावे. चौविहार पाळणाऱ्या घरांत मुलाचा ब्रश सूर्यास्तापूर्वी, शेवटच्या घासानंतर व पच्चक्खाण घेण्याआधी उरकावा. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा.

सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे आणखी एक दाढ येते. कोणताही दात न पडता आल्याने घरचे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते.