लाख माणसांची पंगत

जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरचा घाट चढून वर आलं की आणे लागतं. सह्याद्रीच्या कड्यांवर कोसळणारा पाऊस इथवर येईपर्यंत संपत आलेला असतो. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी, आनंदवाडी ही या पठारावरची गावं. कोरडवाहू जमीन, बाजरीचं पीक, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं. याच पठारावर हिवाळ्यात संत रंगदासस्वामींची यात्रा भरते आणि आलेल्या प्रत्येकाला आमटी-भाकरीचा महाप्रसाद मिळतो. जेवणारी माणसं लाखाच्या घरात जातात. तू कोण, कुठला, हे पंगतीत कुणी विचारत नाही.

‘लाखभर माणसं जेवली’ हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. लाख हा आकडा आपल्या तोंडात इतका रुळला आहे की तो केवढा मोठा आहे हे जाणवतच नाही. म्हणून तो जरा उलगडून पाहू.

माणशी दोन भाकरी धरल्या तर दोन लाख भाकरी झाल्या. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ म्हटलं तर २० टन, म्हणजे २०० क्विंटल बाजरी दळून हवी. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल बाजरी हाती आली तर शेतकरी खूश असतो. म्हणजे चाळीस-पन्नास एकरांचं अख्खं पीक या एका जेवणात संपतं. एक भाकरी चार मिलिमीटर जाड धरून सगळ्या एकावर एक रचल्या तर चळत ८०० मीटर उंच जाईल. दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटरचा आहे.

पण पिठाचा हिशेब सोपा आहे, हाताचा अवघड. पीठ मळायचं, गोळा थापायचा, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, निखाऱ्यावर फुगवायची. सराईत हाताला एका भाकरीमागे तीन मिनिटं धरली, तर दोन लाख भाकरींना सहा लाख मिनिटं, म्हणजे दहा हजार तास लागतात. एकच बाई रात्रंदिवस न थांबता थापत बसली तर ४१६ दिवस लागतील. रोज आठ तास काम केलं तर जवळपास साडेतीन वर्षं. हेच काम हजार चुलींवर वाटून दिलं की एकेका चुलीच्या वाट्याला दोनशे भाकरी आणि दहा तास येतात. आणि ते तसंच वाटलं जातं. भाकरी एका ठिकाणी भाजली जात नाही. पठारावरच्या घराघरांत थापली जाते आणि तिथून देवळाकडे येते. आमटी मात्र तिथेच मोठमोठ्या कढयांत शिजते. माणशी ३०० मिलिलिटर धरली तरी ३०,००० लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. ज्या पठाराला उन्हाळ्यात पाण्याचे टँकर लागतात, ते पठार हिवाळ्यात तीन टँकर भरतील एवढी आमटी परक्यांना वाढतं. माझ्या मते या यात्रेतली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच आहे.

या दहा हजार तासांची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. देशाच्या सकल उत्पादनात दळलेल्या पिठाचे पैसे धरले जातात, थापणाऱ्या हातांचे नाहीत.

आता तालुक्याच्या दुसऱ्या, पश्चिम टोकाला जाऊ. तिथे नाणेघाट आहे. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणारा सातवाहनांचा व्यापारी रस्ता इथून वर चढायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे, दोन हजार वर्षांहून जुना. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे: हजारोंनी गाई, घोडे, हत्ती, चांदीची भांडी, वस्त्रं, आणि एका ठिकाणी २४,४०० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी. अंकांच्या इतिहासात या भिंतीला फार मोठं स्थान आहे, कारण आज जगभर चालणाऱ्या आकड्यांचे पूर्वज जिथे सलग पाहायला मिळतात अशा सर्वांत जुन्या जागांपैकी ही एक आहे. एका राज्याने आपलं मोठेपण आकड्यांत मांडलं आणि ते दगडात कोरलं. किती दिलं हे तिथे आहे. त्या गाई कुणाच्या गोठ्यातून आल्या, ती नाणी कुणाच्या जकातीतून जमली, हे नाही. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण मात्र घाटाच्या तोंडाशी अजून उभा आहे.

राष्ट्राचं मोठेपण सांगायची आपली पद्धत आजही नागनिकेच्या लेखासारखीच आहे. अर्थव्यवस्था किती लाख कोटींची, सैन्य किती लाखांचं, पुतळा किती मीटरचा. हे आकडे खोटे नाहीत. फक्त ते शिखराची उंची सांगतात. घास शेवटच्या माणसापर्यंत पोचला का, हे त्यांतून कळत नाही. म्हणून मला वेगळं माप वापरून पाहायचं आहे. आण्याची एक यात्रा म्हणजे लाख माणसांचं जेवण. या मापाने महाराष्ट्र आणि देश मोजला तर काय दिसतं?

बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात करू. आण्यासारख्या पर्जन्यछायेतल्या गावांत त्याची आठवण अजून ताजी आहे. म्हातारी माणसं मदतीत मिळालेल्या मिलो ज्वारीचं आणि सुकडीचं नाव काढतात, ‘दुष्काळाच्या कामावर’ खडी फोडल्याचं सांगतात. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. मे १९७३ मध्ये राज्यभर सरकारी दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. दहांतला एक माणूस, तान्ही बाळं आणि म्हातारे मोजूनही! पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. मजुरी हातात पडत होती आणि तिच्यावर मागचं घर जेवत होतं. मजुरांपुरतंच मोजलं तरी आण्याच्या ५० यात्रा होतात, त्याही वर्षातून एकदा नव्हे, रोज, आणि ऐन वैशाखात. प्रत्येकाची हजेरी घ्यायची, केलेलं काम टेपने मोजायचं, मजुरी वाटायची, आणि हे सगळं कागद, शाई आणि ग्रामसेवकाच्या सायकलीवर.

हा आकडा किती मोठा होता ते शेजारी दुसरा आकडा ठेवल्यावर कळतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली, आणि राज्य परक्यांचं होतं. १९७२–७३ मध्येच आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातही दुष्काळ पडला होता. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दोन्हींची तुलना केली आहे. महाराष्ट्रात माणशी धान्याची उपलब्धता साहेलमधल्या बहुतेक देशांपेक्षा कमी होती, तरी साहेलमध्ये भूकबळी गेले आणि महाराष्ट्रात तशी मोठी मृत्युसंख्या झाली नाही. धान्य कमी होतं. ते पोचवायची इच्छा आणि यंत्रणा कमी पडली नाही. सोसलं लोकांनी फार. दागिने गेले, जनावरं गेली, पोरांच्या शाळा सुटल्या. त्या सोसण्याला झाकण घालायचं मला काही कारण नाही. पण ५० लाख माणसं रोज कामावर आली आणि रोज त्यांची चूल पेटली, हे या राज्याने केलेलं सगळ्यात मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं. कुठल्याही किल्ल्याशेजारी त्याचा फलक लावायला हवा.

त्या अनुभवातून पुढे कायदा आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात जी कल्पना करून पाहिली होती, ती रोजगार हमी अधिनियम १९७७ म्हणून मंजूर झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. काम मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक. पुढे २००५ मध्ये सबंध देशासाठी याच धर्तीवर कायदा झाला. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्याच्या पैशाचं गणित. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला, तो मुख्यत्वे रोजगार हमीसाठी. पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० रुपये, अशी ती कपात असते. बहुतेकांना ती कशासाठी आहे हे माहीत नसतं. दादरच्या बँकेत बसलेल्या माणसाने, त्याने कधी न पाहिलेल्या बांधावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत आपला वाटा घालायचा. ती बाई त्याच्या जातीची नाही, जिल्ह्याची नाही, नात्याची नाही. आण्यातली बाई परक्या भुकेल्यासाठी दोनशे भाकरी थापते, तेव्हा हेच करत असते. तीच भावना इथे कायद्याने राज्यभर पसरवली.

देशाचं माप घेऊ. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या शाळेतल्या पोषण आहाराच्या योजनेत सुमारे ११ लाख २० हजार शाळांतली ११ कोटी ८० लाख मुलं धरली होती. शाळेच्या प्रत्येक दिवशी आण्याच्या १,१८० यात्रा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ८१ कोटी ३५ लाख माणसांना स्वस्त, आणि २०२३ पासून मोफत, धान्य देता येतं. या मापाने ८,१३५ यात्रा. माणशी महिन्याला पाच किलो म्हणजे दरमहा सुमारे ४० लाख टन धान्य. दहा टनांचे चार लाख ट्रक. एकामागे एक उभे केले तर चार हजार किलोमीटरची रांग होते, श्रीनगर ते कन्याकुमारी हा सगळा रस्ता भरून पुढे उरेल इतकी. आणि हे दर महिन्याला. १९५०–५१ मध्ये या देशात वर्षाकाठी जेमतेम पाच कोटी टन धान्य पिकत होतं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या गव्हावर आपण दिवस काढले. २०२३–२४ मध्ये उत्पादन ३३ कोटी टनांच्या आसपास होतं.

या आकड्यांनी छाती फुगवून घेणं सोपं आहे, आणि मला ते मान्य नाही. निम्म्याहून जास्त लोकांना मोफत धान्य लागतं, हा अभिमानाचा आकडा होऊ शकत नाही. पोट भरणं हा पाया आहे, घर त्यावर बांधायचं आहे. पण पाया घातलाच नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. ज्या देशात माझ्या आजोबांच्या पिढीने भुकेने मेलेली माणसं मोजली, तिथे आता जेवणाऱ्यांची मोजणी होते. एका आयुष्यात एवढा पल्ला फार थोड्या देशांनी गाठला.

उरलेला पल्ला पाहायचा असेल तर पुन्हा आण्याला यावं लागतं. जुन्नर हा धरणांचा तालुका. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं या तालुक्यात आणि डिंभे शेजारच्या आंबेगावात. पाचांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे ३० टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. तीसचे ८५,००० कोटी लिटर होतात. हे पाणी कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं, आणि जायलाच हवं, तिथलीही जमीन तहानलेलीच आहे. पण आण्याचं पठार उंचावर आहे. कालवा उतार शोधत वाहतो, तो वर चढत नाही. उपसा योजनेची मागणी या गावांनी कित्येक वर्षं लावून धरली आहे.

शेतीचं पाणी हा मोठा प्रश्न आहे, त्याला मोठं धोरण लागेल. मी फक्त पिण्याच्या आणि घरच्या पाण्यापुरतं गणित मांडतो. पठारावर वीस हजार माणसं धरू आणि जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर. वर्षाला ४० कोटी लिटर लागतील. पाच धरणांच्या साठ्याच्या दोन हजारांत एक भागही नाही.

ते वर चढवायला वीज किती लागेल? पाणी दोनशे मीटर उचलायचं आणि पंपाची कार्यक्षमता साठ टक्के असं धरलं, तर वर्षाला सुमारे तीन लाख ६३ हजार युनिट. माणशी वर्षाला अठरा युनिट. दहा रुपये युनिट म्हटलं तरी १८० रुपये. जलवाहिनी आणि पंपांचा खर्च वेगळा, तो एकदाचा. पण दरवर्षी लागणारा पैसा माणशी एवढाच: पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराच्या एका महिन्याच्या हप्त्यापेक्षाही वीस रुपयांनी कमी.